विमानतळापर्यंतचं अंतर कोण मोजणार?

रायपूरच्या भाचीचा परवा फोन आला. "मामा, नागपूर-रायपूर विमानाचं अंतर २८० किलोमीटर, वेळ तासभर. मग यायला तुम्हाला होतं काय?" आग्रह प्रेमाचा होता, तिच्यावर कोण रागावेल? राग आला तो त्या आकड्याचा.

आकडा खोटा नाही. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाहून रायपूरचा माना विमानतळ सरळ रेषेत साधारण तेवढाच दूर आहे. पण आमच्या धानोऱ्याच्या माणसाने आधी गडचिरोली गाठायची, मग आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड करत नागपूर. दोनशेवर किलोमीटर, तेही पश्चिमेला, आणि रायपूर आमच्या पूर्वेला! शिवाय विमान सुटण्याच्या तासभर आधी काउंटर बंद. तेवढ्या वेळात मुरूमगाव, मानपूर, राजनांदगाव करत माणूस रस्त्यानेच रायपूरला पोचतो. जिल्ह्याच्या गावी आगगाडी नाही. आमचं स्टेशन वडसा.

अंतर नेहमी विमानतळापासून, स्टेशनापासून, डांबरी सडकेपासून मोजतात. घराच्या उंबऱ्यापासून मोजत नाहीत, आणि आमच्या भागात खरी वाट तिथेच सुरू होते.

हवेतून जाणं आम्हाला नवं नाही. निवडणूक आली की मतदान पथकं हेलिकॉप्टरने दुर्गम केंद्रांवर उतरतात. भामरागडच्या पुरातून रुग्ण हलवल्याच्या बातम्याही पावसाळ्यात येतात. ते काम मोलाचंच आहे. पण नाला भरलेल्या रात्री कळा सुरू झालेली बाई खाटेवर घालून सडकेपर्यंत आणावी लागते, तेव्हा तिच्या घरापासून दवाखान्यापर्यंतचा वेळ कोणत्या कागदावर असतो? रुग्णवाहिका सडकेवर वेळेत आली एवढी नोंद होते. सडकेपर्यंतचे चार किलोमीटर हिशेबात येतच नाहीत. मला हे फार लागतं. जे मोजलं जात नाही, त्याच्यासाठी पूल मंजूर होत नाही.

हे मोजायला बाहेरून माणूस यायची गरज नाही. आपल्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगट बसवून जंगलाची माहिती स्वतः गोळा केली आणि २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. मग आपल्या गावापासून दवाखाना किती दूर, हे ग्रामसभेला का लिहिता येऊ नये? उन्हाळ्यातला वेळ वेगळा, श्रावणातला वेगळा. मधले नाले कोणते, कुठला किती दिवस बंद असतो, खाट कुठपर्यंत न्यावी लागते, तेही लिहावं. आशाताईंना हे सगळं तोंडपाठ असतं. त्यांच्याशेजारी वही घेऊन बसलं तरी पुरे.

रायपूरला मी दिवाळीनंतर जाईन, मानपूरच्या रस्त्याने. त्याआधी, पाऊस संपायच्या आत, वाचकांनी आपापल्या ग्रामसभेत हा तक्ता करावा. एक प्रत तहसीलदारांना द्या, एक मला पाठवा. या सदरात गावाच्या नावासकट छापीन.