गुणी मुलाची किंमत

पाहुण्यांपुढें मुलाची स्तुति करावयाची म्हणजे आमच्या सुशिक्षित घरांतून एकच वाक्य ऐकूं येतें : "मोठें गुणी आहे हो, हट्ट नाहीं, रडणें नाहीं, राग तर ठाऊकच नाहीं." या स्तुतीविरुद्धच आम्हांला चार शब्द लिहावयाचे आहेत. राग ठाऊक नसलेलें मूल जगांत नाहीं. राग गिळावयास शिकलेलीं मुलें मात्र घरोघर आहेत, आणि त्यांचें कौतुक करतांना वडील मंडळी आपल्या स्वस्थतेचेंच कौतुक करीत असतात.

राग ही अपुऱ्या राहिलेल्या गरजेची हाक होय. हाक दाबली म्हणून गरज मिटत नाहीं. लंडनचे बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनीं 1960 सालच्या एका निबंधांत 'खरें स्व' व 'खोटें स्व' असा भेद मांडला. तान्ह्याची खूण न ओळखतां आई आपलीच इच्छा त्याच्यावर लादूं लागली, कीं तें तिच्या मर्जीप्रमाणें वागावयास शिकतें. आज्ञाधारकपणाचा हा मुखवटा पुढें इतका घट्ट बसतो कीं खालचा चेहरा ज्याचा त्यालाच ओळखूं येत नाहीं. विनिकॉट आईविषयीं बोलतात. आमच्या घरांत बापाचा धाक व आजोबांची शिस्तहि याच हिशेबांत धरली पाहिजे.

हा मुखवटा सैल होतो तो उपदेशानें नव्हे, खेळानें. सकाळीं दूध सांडल्याबद्दल बोलणीं खाल्लेली मुलगी दुपारीं बाहुलीला तशीच दटावते, आणि मग तिला जवळ घेऊन थोपटते. एवढ्या वेळांत तिनें आपला राग मोकळा केला आहे व स्वतःचें सांत्वनहि केलें आहे. नेमक्या त्याच क्षणीं "खेळ पुरे, पुस्तक घे" अशी आज्ञा सुटते. अथवा आजच्या रिवाजाप्रमाणें, तिनें हूं कीं चूं करण्याआधींच हातांत मोबाइल येतो. गिजुभाई बधेका यांनीं 1920 सालीं भावनगरास बालमंदिर काढलें. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनीं 1945 सालीं बोर्डीस बालशिक्षणाचें केंद्र उघडलें. भय न दाखवितां मुलाला त्याच्या कलानें वाढवितां येतें, हें त्यांनीं सिद्ध केलें. तें आम्हीं वाचलें, वाखाणलें, आणि घरीं येऊन पुन्हां डोळे वटारले.

यावर कोणी म्हणेल, "मग मुलांनीं वाटेल तें फोडावें, वाटेल त्याला मारावें काय?" मुळींच नाहीं. मारणारा हात धरावाच, पण तो धरतांना "तुला राग आला आहे, कशाचा, तें सांग" असें विचारावें, व उत्तर संपेपर्यंत थांबावें. मागितलेलें देणें निराळें आणि मागणें ऐकून घेणें निराळें. पहिल्यानें मूल कदाचित् लाडावेल. दुसऱ्यानें बिघडलेलें मूल आम्हीं तरी पाहिलें नाहीं.

2009 सालच्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेंतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी केली. घरांतल्या वटारलेल्या डोळ्यांना मात्र आईबापांच्या विवेकाखेरीज दुसरा कायदा नाहीं. म्हणून "आमचें मूल कधीं रागावत नाहीं" असें जे अभिमानानें सांगतात, त्यांना आमचा एकच प्रश्न आहे : रागावल्यावरहि तुम्ही त्याला जवळ कराल, अशी त्याची खात्री आहे काय?