आप्पांची शेवरलेट आणि चुकीची दारं

मुलांनो, तुमच्या गावात किंवा गल्लीत एखादी बंद पडलेली गाडी नक्की उभी असेल. टायर बसलेले, काचांवर धुळीचा थर आणि आत मांजरीची पिल्लं! आमच्याही घरामागे चिंचेखाली अशीच एक गाडी होती. शेवरलेट कंपनीची पिकअप. पुढे दोघातिघांची केबिन, मागे उघडा हौदा. माझ्या वडिलांची, म्हणजे आप्पांची. कोल्हापूरजवळच्या आमच्या गावातून ते तिच्यातून गुळाचे रवे शाहूपुरीच्या बाजारात नेत असत. १९८७ साली ती बंद पडली ती पडलीच.

तीन वर्षांपूर्वी आप्पा गेले आणि गाडी आम्हा भावांकडे आली. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, भंगारवाला किलोवर घ्यायला तयार आहे. जागा तरी मोकळी होईल." मी म्हटलं, "थोडा थांब." शेवटी ठरलं, की दसऱ्यापर्यंत इंजिन सुरू झालं तर गाडी ठेवायची, नाहीतर द्यायची. हातात चार महिने होते.

माझ्या मदतीला कोण आलं असेल? भावाचीच मुलगी, इयत्ता आठवी! तिने पहिल्याच दिवशी एक दोनशेपानी वही आणली आणि वर लिहिलं, 'काय काय नाही'.

आता गंमत बघा. गाडीत जे आहे ते दिसतं. पण जे नाही, ते कसं दिसणार? आमच्यापैकी कुणीच ही गाडी नवी असताना पाहिलेली नव्हती. मग आम्ही हेरगिरी सुरू केली. तिचे पाच नियम आम्हाला सापडले, ते तुम्हाला सांगतो.

पहिला नियम, रिकामी भोकं. कारखान्यात कुणी उगाच भोक पाडत नाही. ड्रायव्हरच्या पायाजवळ पत्र्याला एक भोक होतं. मी म्हटलं, "गंजलंय." पुतणीने बोट फिरवून पाहिलं. "काका, गंज कधी इतकं गोल भोक पाडतो का?" खरंच की! ती जागा होती स्टार्टरच्या पायदांडीची. या गाडीला किल्ली फिरवून इंजिन सुरू करायची सोय नव्हती. किल्ली फिरवायची आणि पायाने दांडी दाबायची, मग स्टार्टर फिरायचा. ती दांडीच गायब होती.

दुसरा नियम, जोडी. गाडीच्या डाव्या-उजव्या बाजू बहुतेक सारख्या असतात. उजव्या दिव्याला कडं आहे, डाव्याला नाही, म्हणजे एक हरवलं. पण जपून! काही भाग आरशातल्यासारखे उलटे असतात. डावं मडगार्ड उजवीकडे बसत नाही, जसा डाव्या पायातला बूट उजव्या पायात जात नाही.

तिसरा नियम, रंगाची सावली. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलं की खाली उजळ चौकोन दिसतो ना? तसंच. बॉनेटच्या बाजूला एक लांबट उजळ पट्टी दिसली. तिथे गाडीच्या नावाची पट्टी होती.

चौथा नियम, आकडे. लोखंडाचे मोठे भाग साच्यात ओततात, तेव्हा त्यांच्यावर अक्षरं आणि आकडे उमटवलेले असतात. इंजिनावरची काजळी रॉकेलने पुसली तर खाली निघालं, 'सी १४ ०'. शेवरलेटची रीत अशी, की पहिलं अक्षर महिन्याचं (ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी), मग तारीख आणि मग सालाचा शेवटचा आकडा. म्हणजे १४ मार्च, आणि साल? १९४० की १९५० की १९६०? या घडणीच्या गाड्या १९४७ ते १९५५ या काळात निघाल्या. मग उरलं १९५०. आर. सी. बुकातही १९५०च होतं. पुतणीने टाळीच वाजवली.

जाता जाता सांगतो. त्या काळी अमेरिकेहून या गाड्यांचे सुटे भाग पेट्यांत भरून येत आणि मुंबईला शिवडीच्या कारखान्यात जोडले जात. जनरल मोटर्सने तो कारखाना १९२८ साली सुरू केला होता. पुढे नुसती जोडणी नको, भागही इथेच बनवा, असं सरकारचं धोरण ठरलं आणि १९५४ मध्ये तो बंद झाला. म्हणून तर याचे भाग मिळणं इतकं अवघड!

वहीतली यादी सत्तेचाळीसवर गेली. पायदांडी आणि दिव्याचं कडं कोल्हापूरच्या उद्यमनगरात झालं. तिथे ओतकाम आणि लेथवाले गल्लोगल्ली आहेत. पण एकदा मी घाई केली. मुंबईच्या चोरबाजारात पाण्याचा पंप दिसला. हुबेहूब आमच्यासारखा! घेतला, घरी आणला आणि बसेचना. तो नंतरच्या इंजिनाचा होता. पैसे गेले. तेव्हापासून पुतणीचा हुकूम, "काका, जुना भाग आणि मोजपट्टी बरोबर घेतल्याशिवाय बाजारात जायचं नाही."

दुसरी फजिती बॅटरीची. हिची बॅटरी आजच्या मोटारींसारखी १२ व्होल्टची नाही, ६ व्होल्टची. शाळेत शिकता ते सूत्र आठवा. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. ३६ वॅटच्या दिव्याला १२ व्होल्टवर ३ अँपिअर लागतात, पण ६ व्होल्टवर ६. व्होल्ट निम्मे केले की प्रवाह दुप्पट! स्टार्टरला तर शेकडो अँपिअर लागतात. कुणीतरी पूर्वी तिथे बारीक वायर लावून ठेवली होती. पाय दाबला की वायर गरम व्हायची आणि स्टार्टर कण्हायचा. अंगठ्याएवढी जाड केबल लावली आणि काम झालं.

आता पाचवा नियम, सगळ्यात महत्त्वाचा. माणसं!

आमची दारं एक कोडं होऊन बसली होती. दोन्ही दारांना पुढे छोटी तिकोनी, फिरणारी काच होती. पण अशी काच या गाड्यांना १९५१ पासून आली, आणि आमची तर १९५०ची. शिवाय पॉलिश पेपरने घासल्यावर केबिनचा खालचा रंग निघाला हिरवा आणि दारांचा निळा! म्हणजे दारं दुसऱ्याच गाडीची. पुतणीने वहीत लिहिलं, '४८. मूळ दारं नाहीत. शोधणे.'

संध्याकाळी ती आजीला वही वाचून दाखवत होती. अठ्ठेचाळीसला आजी थांबली. "ती हरवली नाहीत गं. एका पावसाळ्यात गाडी ओढ्यात कलंडली, दोन्ही दारं चेपली. हंगाम तोंडावर आलेला, हातात पैसा नाही. पलीकडच्या गावात तुझ्या आजोबांचे एक दोस्त होते. त्यांची अशीच गाडी मोडीत काढायची होती. त्यांनी दारं उतरवून दिली. पैसे घेईनात. म्हणाले, गुऱ्हाळ सुरू झालं की पहिला रवा मला आणून द्या. दर वर्षी पहिला रवा तिकडे जायचा. ते दोस्त वारले, तोवर हे एकदाही चुकलं नाही."

मला, आप्पांच्या मुलाला, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. गाडीबद्दल मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

पुतणीने अठ्ठेचाळीसवर काट मारली आणि शेजारी लिहिलं, 'चुकीची, पण आपली.'

दसऱ्याच्या सकाळी झेंडूचा हार घातला, पायदांडी दाबली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा इंजिन खोकलं आणि चालू झालं! पण तेलाच्या दाबाचा काटा पाहून माझा चेहरा उतरला. तो पार खाली. आमचे वयस्क मिस्त्री हसले. "अहो, हिचा काटा असाच." या इंजिनात पिस्टनच्या दांड्यांना खाली पळीसारखं टोक असतं. ते तेल झेलतं आणि आत पोचवतं. म्हणून जास्त दाबाची गरजच नसते.

ब्रेकचं काम अजून झालेलं नाही, म्हणून गाडी अंगणातच उभी आहे. गाडी थांबवता आल्याशिवाय चालवायची नाही! भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने फडकं घेतलं आणि निळी दारं पुसायला लागला. भंगारवाल्याला मी निरोप धाडला.

तुम्हीही असं काही हाती घेणार असाल, तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. जुन्या ब्रेकमधली धूळ फुंकू नका. तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसांना घातक. आणि पेट्रोलची टाकी मोठ्यांनीच काढायची. आमच्या गाडीत तर ती केबिनमध्ये, सीटच्या मागेच होती!

घरी गाडी नसेना का! माळ्यावर शिलाई मशीन असेल, रेडिओ असेल, वातीचा स्टो असेल. एक वही करा, 'काय काय नाही'. रिकामी भोकं शोधा, जोडी बघा, सावल्या बघा, आकडे वाचा. पण सुरुवात मात्र पाचव्या नियमापासून करा. आजी-आजोबांना आजच विचारा. मी उशीर केला, तुम्ही करू नका.