तीन चॅनेल, अख्खी सोसायटी

डोंबिवलीत रविवारी रात्री लॅपटॉपवरची ‘अशी ही बनवाबनवी’ वायरीविना टीव्हीवर लावून बघाच. लक्ष्या तोंड उघडतो आणि तसाच थिजतो. आवाज मात्र पुढे निघून गेलेला असतो. मग घरोघरी इंटरनेटवाल्याचा उद्धार. अहो, सिनेमा लॅपटॉपमध्येच आहे, त्याला फक्त हॉल ओलांडायचाय. इंटरनेटवाल्या बिचाऱ्याचा काय संबंध? गोम हवेत आहे. २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफाय पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. आणि आपल्याकडे भिंतीला भिंत, घरटी एक राउटर. म्हणजे कल्याण फास्टच्या तिघांच्या बाकावर ‘जरा सरका’ म्हणत सगळा डबाच चौथ्या सीटवर टेकायला आला! त्यातून स्क्रीन मिररिंग करायचं तर प्रत्येक चौकट लॅपटॉपने नव्याने आवळून पाठवायची. जुना प्रोसेसर तिथेच धापा टाकतो. ५ गिगाहर्ट्‌झवर जा, राउटर लोखंडी कपाटामागून बाहेर काढा, थोडा फरक पडेल. पण खरा इलाज एकच: एचडीएमआयची वायर. ‘हॉलची शोभा जाते’ म्हणणाऱ्यांनी खुशाल शोभा बघत बसावं. ती अडखळत नाही.