कुट्टी मशीनची चाकं : तिथं बचत नको



कडबाकुट्टी घेताना आपण काय बघतो? मोटर किती एचपीची, पाती कशी, तासाला चारा किती निघतो. खाली चाकं कसली आहेत हे मी तरी कधी बघितलं नव्हतं. मागच्या महिन्यात बघायला लागलं.

मशीन शेडमधून गोठ्याकडं ढकलत होतो. मी मागं, आण्णा पुढं. दोन इंची प्लॅस्टिकचं चाक शहाबादी फरशीच्या फटीत अडकलं आणि मशीन पुढं कललं. आण्णा चटकन बाजूला झाले म्हणून वाचले, नाहीतर दोनशे किलोचं धूड सरळ त्यांच्या पायावर.

गावात सांगितलं तर उत्तर ठरलेलं. "वर्षातनं चारदा हलवायचं, त्याला कशाला भारी चाकं?" मला हे पटत नाही. चारदाच हलवतो म्हणून तर सवय नसते, आणि हलवताना मदतीला घरातलंच माणूस असतं.

मग चाकं बदलली. त्यातनं जे कळलं ते लिहितो.

वजनाला चारनं नाही, तीननं भागा. आपली जमीन सपाट नसते, एक चाक बऱ्याचदा अधांतरीच असतं. दोनशे भागिले तीन म्हणजे सदुसष्ट किलो. वर धक्के धरून मी प्रत्येकी शंभर किलो पेलणारं चाक घेतलं.

मोठं चाक घ्या. दोन इंची चाकाला अर्ध्या इंचाचा खडा म्हणजे भिंतच. सहा इंची त्यावरून चढून जातं. नायलॉनचं चाक कोब्यावर हलकं पळतं, पण खडबडीत जागी दणके देतं. साधं रबर ऑइल-डिझेलनं खराब होतं, आणि एका जागी फार दिवस उभं राहिलं की चपटं पडतं. मी लोखंडावर पीयू चढवलेली चाकं घेतली. मात्र मशीन मुरमात, वावरात न्यायचं असेल तर हवेचं टायरच बरं.

दोन चाकं स्थिर आणि ढकलायच्या बाजूला दोन फिरती, ब्रेकवाली. चारही फिरती बसवली तर उतारावर मशीन आडवं पळतं.

आता खरी गोम. मोठ्या चाकानं मशीन उंच होतं, म्हणजे कलंडायची भीती वाढते. शिवाय फिरतं चाक आत वळलं की टेकायची जागाही आत सरकते. म्हणून पायांना आडवे अँगल जोडून चाकं बाहेरच्या अंगाला घेतली. प्लेट अँगलला वेल्डिंग केली आणि चाक नंतर नटबोल्टनं आवळलं. चाक लावूनच वेल्डिंग केलं तर उष्णतेनं पीयू आणि बेअरिंगमधलं ग्रीस दोन्ही जातं. बोल्टला स्प्रिंग वॉशर विसरू नका, हादऱ्यानं नट सुटतात.

आणि कुट्टी चाकांवर उभी करून चालवायची नाही, ब्रेक लावला तरी नाही. चार कोपऱ्यांना जॅक बोल्ट लावलेत. जागेवर नेलं की ते खाली आवळायचे, चाकं जमिनीपासून सुटली की मगच बटण दाबायचं. मशीन हलवायच्या आधी वायर काढायची, हे वेगळं सांगायला नको.

सगळा खर्च सरकी पेंडीच्या दोन पोत्यांएवढा आला. अनुदान मशीनला मिळतं, चाकाला कोण विचारतो? विकणाऱ्यानं चांगली चाकं द्यायलाच हवीत, आणि आपणही मशीन उचलायच्या आधी वाकून खाली बघायला हवं.

आण्णा आता एकटे मशीन ढकलतात. तरी मी सांगून ठेवलंय, पुढं कुणी उभं राहायचं नाही.