ओवाळायची आम्ही, उघडायची कुणी?



दसऱ्याला लासलगावात झेंडूच्या माळेवाचून गाडी दिसत नाही. ट्रॅक्टर, पिकअप, स्कूटी, सगळ्या धुऊन-पुसून दारात उभ्या असतात. धुतो आपण, हळद-कुंकू लावतो आपण, ओवाळतोही आपणच. पण त्याच गाडीचं ऑइल कधी बदललं, ब्रेक कधी तपासले, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "ते यांना माहीत." घरातल्या प्रत्येक वस्तूची निगा राखणं हे बाईचं काम मानलं जातं. गाडी आली की तीच निगा एकदम 'तांत्रिक' होते आणि पुरुषाकडे जाते. हा विषय या अंकात घ्यावा असं मला वाटलं ते हौसेपोटी नाही. तो आपल्या पैशाचा, आपल्या हिंडण्या-फिरण्याचा आणि जिवाचा आहे.

जिवाचा कसा ते आधी पाहू. आपला हा कांद्याचा भाग. लागवडीच्या आणि काढणीच्या दिवसांत मजूर बायका सकाळी पिकअपच्या हौद्यात दाटीवाटीनं बसून शिवारात जातात. त्या गाडीचे ब्रेक, टायर, पाटे कसे आहेत हे त्यांनी विचारावं, अशी पद्धतच नाही. आणि अपघात झाला तर? सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली आशा राणी खटल्यात स्पष्ट केलं आहे की मालवाहू गाडीत बसलेल्या प्रवाशांच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी तेवढा याला अपवाद. म्हणजे हौद्यातल्या मजूर बाईला विम्याचं छत्र नाही.

मग जबाबदारी उरते कुणावर? चालकाबरोबर गाडीच्या मालकावर. मालक कोण, तर ज्याचं नाव नोंदणीत आहे तो. २०१८ साली नवीन कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं. आता आपापल्या घरातलं आर.सी. बुक काढून बघा. कर्जाच्या सोयीसाठी म्हणून कितीतरी गाड्या बायकोच्या किंवा आईच्या नावावर घेतल्या जातात. चावी त्याच्या खिशात, सर्व्हिसिंगचा निर्णय त्याचा, आणि कोर्टाचा कागद मात्र तिच्या नावानं. नाव आपलं असेल तर गाडीची हालत माहीत असणं हा आपला हक्क आहे आणि गरजही.

"बायकांना मशीन कळत नाही" हे ऐकून कान किटले. १८८८ साली जर्मनीत बेर्टा बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला मोटारीनं गेल्या. मोटारीचा तो पहिला लांबचा प्रवास. वाटेत तुंबलेली इंधनाची नळी त्यांनी टोपीच्या पिनेनं साफ केली, झिजलेल्या ब्रेकला चांभाराकडून चामडं लावून घेतलं. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८८ साली, परभणीहून पुण्याला आलेल्या शीला डावरे रिक्षा चालवू लागल्या. मशीन कळण्यासाठी हात लावू द्यावा लागतो, एवढंच.

तर हात लावू या. स्कूटी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून थोडा वेळ जाऊ द्या आणि ऑइलची पट्टी बाहेर काढून बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. हवा टायर थंड असताना तपासायची, दर पंधरा दिवसांनी. टायरच्या खाचेत छोटा उंचवटा असतो. नक्षी झिजून त्याच्या पातळीला आली की टायर बदलायचाच. ब्रेक पूर्वीपेक्षा जास्त दाबावा लागतो किंवा घासल्याचा आवाज येतो, म्हणजे लायनर पाहायला हवेत. कच्च्या रस्त्यांवर धूळ आणि बाजारात कांद्याची फोलपटं उडत असतात. त्यामुळे पुस्तिकेत लिहिलेल्या मुदतीच्या आधीच एअर फिल्टर साफ करावा लागतो. तो तुंबला की पेट्रोल जास्त लागतं. पिकअप असेल तर ब्रेक ऑइल, दिवे आणि पाटेही बघायचे. वजन जितकं जास्त, तितकी गाडी थांबायला उशीर.

दुधाचा हिशेब आपण कॅलेंडरवर लिहितो, तसाच गाडीचाही लिहायचा. तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती पैसे गेले.

गॅरेजात मी एकटी गेले की अजून ऐकते, "ताई, साहेबांना पाठवा." तरी विचारायचं. कामाआधी अंदाजे खर्च विचारायचा, बदललेला जुना भाग परत मागायचा, बिल घ्यायचं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मात्र आपलं भांडण ऑइलनं माखलेल्या त्या पोराशी नाही. शाळा सोडून, शिव्या खात तो हे काम शिकला. त्याच्या हातात जे कसब आहे ते त्याच्याकडूनच आपल्याला शिकायचं आहे.

एक गोष्ट नीट लक्षात घेऊ या. पिकअपचे ब्रेक चांगले असले म्हणून हौद्यातून माणसं नेणं कायदेशीर होत नाही. त्यामुळे मजूर बायकांच्या गटांनी हंगामाचा दर ठरवताना प्रवासी गाडीचीही बोली करावी. एकटीनं मागितलं तर दुसरी टोळी बोलावली जाईल, ही भीती खरी आहे. म्हणूनच ही मागणी गावातल्या सगळ्या टोळ्यांनी मिळून करायला हवी.

पुढच्या शिबिरात कायद्याच्या सत्राला जोडून दोन तास गाडीसाठी ठेवा. प्रत्येकीनं आपलं आर.सी. बुक आणि विम्याचा कागद आणावा, नाव कुणाचं आणि मुदत कधीची ते वाचावं. मग अंगणात एक स्कूटी उभी करा, ऑइलची पट्टी सगळ्यांच्या हातातून फिरू द्या. तुमच्या गटात काय झालं ते आम्हाला जरूर लिहा. पुढच्या अंकात त्यासाठी जागा ठेवली आहे.