शिकारीला कोणताच वार नाही

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याने २०२५मध्ये रविवारच्या शिकारीवरची जुनी बंदी उठवली. रविवार देवाचा, त्या दिवशी बंदूक खाली ठेवावी, या समजुतीतून ती आली होती. आपल्याकडे हा वाद उद्भवतच नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१च्या दुरुस्तीने हौशी शिकारीला सातही वार बंद झाले.

तरी प्रश्न उरतो, पकडला कोण जातो? खानदेशातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात गलोल घेऊन सशामागे धावणारे पोर आणि सुट्टी साधून गाडी, बंदूक, सर्चलाइट घेऊन येणारा हौशी, दोघेही कायद्याला सारखेच गुन्हेगार. आम्हाला ते सारखे वाटत नाहीत. १८२५मध्ये याच खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने याच भिल्लांच्या साथीने वाघ मारले आणि नाव कमावले. साहेबाची शिकार शौर्य ठरली. त्या भिल्लांच्या वारसाला आज सशापायी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून त्याला शिकारीची मुभा द्यावी, असे मात्र नाही. २००६च्या वनहक्क कायद्याने मोह, डिंक, तेंदू यांवरचा हक्क मानला आणि शिकारीचा पारंपरिक हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. ते योग्यच झाले. आउट्रमच्या काळचे वाघ या डोंगरांत आता आहेत कुठे?

याच वनहक्क कायद्याचे कलम ५ ग्रामसभेला वन्यप्राणी राखण्याचा अधिकार देते. ते कलम सभेत वाचून तरी दाखवले जाते का? रात्री कोणाची गाडी घाटात शिरली, हे वनरक्षकाआधी गावाला कळते. ग्रामसभेने अडवलेल्या गाडीवर वनखात्याने त्याच रात्री गुन्हा नोंदवला, तर हौशींची हौस फिटेल.

दुसरे दुखणे पिकाचे. उपद्रवी रानडुकराला मारण्याची परवानगी वन्यजीव कायद्यातच आहे. पण ती मिळेपर्यंत ज्वारी संपलेली असते. मग बांधावर वीजप्रवाहाची तार येते. तिला डुक्कर कोणते, बिबट्या कोणता, रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी कोणता, काही कळत नाही. बिबट्या मेला तर किमान तीन वर्षांची कैद. तळोद्याच्या मेवासी वनविभागाने येत्या खरिपाआधी नुकसानीचे अर्ज गावातच घ्यावेत, पंचनाम्याची मुदत ठरवावी आणि ती चुकली तर कोणामुळे चुकली, हे ग्रामसभेत सांगावे.