कारण संपले, फूट उरली: स्कॉटलंडच्या एका भांडणाची भारतातील किंमत

१/ १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. वादाचा गाभा असा होता की गावच्या मंडळीचा पाळक कोणी नेमायचा, जमीनदाराने की मंडळीने? पुढे १८७४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने जमीनदारांचा तो हक्कच रद्द केला. भांडणाचे मुख्य कारण नाहीसे झाले, तरी दोन्ही चर्च एकत्र यायला १९२९ उजाडावे लागले. दरम्यान ती फूट मुंबई, कोलकाता आणि नागपूरपर्यंत येऊन पोहोचली होती. हा धागा तिच्याविषयी आहे. ‘पटत नसेल तर वेगळी मंडळी काढू’ असे आजही सहज म्हणणाऱ्यांसाठी तो मुद्दाम लिहिला आहे.

२/ आधी पार्श्वभूमी. स्कॉटलंडचे राष्ट्रीय चर्च प्रेस्बिटेरियन, म्हणजे वडिलांच्या सभांमार्फत चालणारे. १७१२ मध्ये पार्लमेंटने कायदा करून पाळक नेमण्याचा जमीनदारांचा जुना हक्क परत दिला. मंडळीला नको असलेला माणूस तिच्या माथी मारला जाऊ लागला. ही तक्रार खरी होती, यात शंका नाही. १७३३ मध्ये एबेनेझर अर्स्किन आणि आणखी तीन पाळकांनी राष्ट्रीय चर्चबाहेर आपली वेगळी सभा स्थापन केली.

३/ एकदा वेगळे होण्याची वाट सापडली की ती वहिवाटीची होते. अवघ्या चौदा वर्षांत, १७४७ मध्ये, या बाहेर पडलेल्यांतच फूट पडली. एडिंबरा, ग्लासगो आणि पर्थ येथील नागरिकांना एक शपथ घ्यावी लागे. तीत देशात मान्य असलेल्या धर्माला दुजोरा होता. ती घ्यावी की घेऊ नये, एवढ्यावरून ‘बर्गर’ आणि ‘अँटी-बर्गर’ असे दोन पंथ झाले. अँटी-बर्गरांनी चळवळीच्या मूळ संस्थापकालाच, एबेनेझर अर्स्किन यांना, बहिष्कृत केले.

४/ पुढे १७९९ मध्ये बर्गर पंथाचे ‘जुना प्रकाश’ आणि ‘नवा प्रकाश’ असे दोन तुकडे झाले. १८०६ मध्ये अँटी-बर्गर पंथाचेही नेमके तसेच झाले. या वेळचा प्रश्न होता राजसत्तेला धर्मात किती अधिकार असावा. सत्तर-ऐंशी वर्षांत एका गटाचे चार गट झाले. चौघांची श्रद्धा एक, बायबल एक, उपासनेची पद्धतही जवळजवळ एक. प्रभुभोजनाचे मेज मात्र प्रत्येकाचे निराळे.

५/ आता १८४३. १८ मे रोजी एडिंबरा येथे महासभा भरली असता मावळते अध्यक्ष डेव्हिड वेल्श यांनी निषेधपत्र वाचले आणि ते सभागृहाबाहेर पडले. त्यांच्यामागून शेकडो लोक निघाले. थॉमस चामर्स यांच्या अध्यक्षतेखाली ‘फ्री चर्च’ उभे राहिले. सुमारे ४७४ पाळकांनी वेतन, निवास आणि चर्चच्या इमारती सोडल्या. या त्यागाविषयी मनात आदर नसेल तर या इतिहासावर बोलण्याचा अधिकार आपल्याला नाही. सरकारने चर्चच्या आत्मिक कारभारात हात घालू नये, हा त्यांचा आग्रह योग्यच होता.

६/ परंतु त्या त्यागाची किंमत केवळ त्यागी लोकांनी मोजली नाही. भारतातील सर्व स्कॉटिश मिशनरी फ्री चर्चच्या बाजूने गेले. मुंबईचे जॉन विल्सन आणि कोलकात्याचे अलेक्झांडर डफ हे त्यांतले प्रमुख. डफ यांनी १८३० मध्ये उभारलेली शाळा, तिचे ग्रंथालय आणि उपकरणे जुन्या चर्चच्या हवाली करून त्याच शहरात दुसरी शाळा काढली. दोन्ही स्कॉटलंडच्या, दोन्ही प्रेस्बिटेरियन, दोन्हींचे उद्दिष्ट एक. ज्या बंगाली विद्यार्थ्यांसाठी हा दुहेरी खटाटोप चालला होता, त्यांना स्कॉटलंडच्या जमीनदारांशी काय कर्तव्य होते?

७/ मुंबईचे उदाहरण तर मराठी वाचकाला परिचित आहे. त्याच १८४३ च्या सप्टेंबरात नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्याकडून बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला न्यायालयाने वडिलांच्या ताब्यात दिले. त्याला पुन्हा जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि त्यावरून मुंबईत मोठे वादळ उठले. ‘श्रीपत शेषाद्री प्रकरण’ म्हणून आपण ते वाचलेले असते.

८/ त्या प्रकरणाकडे या बाजूने पाहा. नारायणरावांनी घर, जात आणि आप्त सोडले ते ख्रिस्ताकरिता. आणि पाऊल ठेवले ते चार महिन्यांपूर्वी दुभंगलेल्या चर्चमध्ये! १८५४ मध्ये त्यांना दीक्षा मिळाली ती फ्री चर्चचे पाळक म्हणून. जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवणारा हा कर्ता पुरुष ‘फ्री’ ठरला, तो एडिंबऱ्यात त्या मे महिन्यात घडलेल्या घटनेमुळे. त्या वादात ना त्यांचे मत कोणी विचारले, ना त्यांचा त्याच्याशी काही संबंध होता.

९/ नागपूरचेही तेच. स्टीफन हिस्लॉप १८४५ च्या प्रारंभी तेथे आले ते फ्री चर्चचे मिशनरी म्हणून. अहमदनगर अमेरिकन काँग्रिगेशनल मिशनचे, कोल्हापूर अमेरिकन प्रेस्बिटेरियनांचे, डहाणूकडचा भाग ब्रेदरन मिशनचा. पुढे मिशनांनी आपापली क्षेत्रे परस्परांच्या संमतीने वाटून घेतली, कारण एकाच गावात तीन पंथांनी भांडू नये ही सदिच्छा. परिणाम असा की मराठी ख्रिस्ती माणसाचा पंथ त्याच्या विश्वासाने ठरला नाही. तो कोणत्या तालुक्यात जन्मला यावर ठरला.

१०/ आज ‘आमचा पंथ, आमची परंपरा’ म्हणून बाह्या सरसावणाऱ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावे. या परंपरांत पुष्कळ मोलाचे आहे आणि ते जपावे. पण त्यांच्यामधल्या भिंती आपल्या पूर्वजांनी बांधलेल्या नाहीत. त्या आयात झाल्या. ज्यांनी त्या बांधल्या, त्यांतल्या अनेकांनी आपल्या देशात त्या केव्हाच पाडल्या. डफ यांची एकाची दोन झालेली महाविद्यालये १९०८ मध्ये एक झाली. स्कॉटलंडमधील ऐक्यानंतर, १९२९ मध्ये, त्यांच्या नावातले ‘चर्चेस’ हे अनेकवचनही जाऊन ‘स्कॉटिश चर्च कॉलेज’ झाले.

११/ मग १८७४ मध्ये कारण संपल्यावर फूट का संपली नाही? कारण एकतीस वर्षांत दोन्ही बाजूंना आपापली चर्चे, शाळा, निधी, पदे आणि अभिमान यांचा संसार जडला होता. चर्चचे राजसत्तेशी नाते काय असावे, हा वादही शिल्लक होता. इतिहासात वारंवार दिसते ते हेच: फूट पडते तत्त्वावरून आणि टिकते मालमत्तेवर. पहिली पिढी मनःपूर्वक भांडते. दुसरी पिढी इमारती बांधते. तिसऱ्या पिढीला भांडणाचा विषयही सांगता येत नाही, पण इमारत सोडवत नाही.

१२/ पुरावा हवा असेल तर १९०४ पाहा. १९०० मध्ये फ्री चर्च आणि युनायटेड प्रेस्बिटेरियन चर्च एकत्र आले. मूठभर मंडळ्या बाहेर राहिल्या. त्यांनी दावा लावला की मूळ तत्त्वे आम्हीच राखली, म्हणून मालमत्ता आमची. १ ऑगस्ट १९०४ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यांच्या बाजूने निकाल दिला. फ्री चर्चची अवघी मालमत्ता त्या मूठभरांची ठरली. त्यांना ती सांभाळणेही अशक्य होते. शेवटी १९०५ मध्ये पार्लमेंटला कायदा करून वाटणी करावी लागली. सरकारचा हात नको म्हणून जन्मलेले चर्च अखेर सरकारच्याच दारात उभे राहिले.

१३/ हे जुन्या काळाचे वेड होते, असे समजू नका. फ्री चर्चमधूनच १८९३ मध्ये निघालेल्या फ्री प्रेस्बिटेरियन चर्चने १९८० च्या दशकात आपले एक वडील, ब्रिटनचे लॉर्ड चॅन्सेलर मॅके, यांच्यावर कारवाई केली. अपराध कोणता? दिवंगत सहकारी न्यायाधीशांसाठी झालेल्या कॅथलिक मिस्साला ते उपस्थित राहिले. यावरून १९८९ मध्ये ते चर्चही फुटले. मित्राच्या अंत्यविधीला जाणे हे जिथे फुटीचे कारण होऊ शकते, तिथे कशाचेही कारण होऊ शकते.

१४/ आता उलट बाजू. १९१९ मध्ये तरंगंबाडी येथे दक्षिण भारतातील काही पाळक जमले. त्यांत बहुसंख्य भारतीय होते आणि दोर्नकलचे बिशप अझरिया हे त्यांचे अग्रणी. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की या फुटी आम्ही निर्माण केल्या नाहीत, त्या आम्हाला मिळाल्या, आणि विखुरलेल्या तोंडाने शुभवर्तमान सांगता येत नाही. त्या बैठकीपासून २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथेड्रलमध्ये ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ स्थापन होईपर्यंत अठ्ठावीस वर्षे गेली. अझरिया १९४५ च्या पहिल्याच दिवशी वारले. तो दिवस त्यांना पाहता आला नाही.

१५/ ऐक्य म्हणजे सगळ्यांना एका साच्यात ओतणे, असा गैरसमज पसरवला जातो. या करारांनी तसे केले नाही. दक्षिणेत बिशपपद स्वीकारले गेले, पण आधी दीक्षा झालेल्या प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, मेथडिस्ट पाळकांना पुन्हा दीक्षा घेण्याची सक्ती झाली नाही. उत्तरेत बालबाप्तिस्मा आणि प्रौढ विश्वासूंचा बाप्तिस्मा, दोन्ही मान्य झाले. शतकानुशतके ज्या प्रश्नावर युरोपात माणसे बुडवून मारली गेली, त्याचा निर्णय भारतीय ख्रिस्ती लोकांनी एका मेजाभोवती बसून केला.

१६/ तो उत्तरेचा क्षण महाराष्ट्रातलाच. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्च मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाले: अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट अगदी अखेरीस मागे फिरले. तरीही जे घडले ते थोडे नव्हते. ज्या शहरात हिस्लॉप एका फुटीची पताका घेऊन आले होते, त्याच शहरात ती खाली उतरवली गेली.

१७/ पहिला आक्षेप: ‘सत्यासाठी वेगळे व्हावेच लागते.’ कधी कधी लागते. पण दक्षिण आफ्रिका आठवा. १८५७ मध्ये तेथील डच रिफॉर्म्ड चर्चच्या केप सभेने, ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ म्हणून, गौरेतरांसाठी वेगळी उपासना चालवून घेतली. १८८१ मध्ये त्यांचे वेगळे चर्चच झाले. हीच वाट पुढे वर्णभेदाच्या धार्मिक समर्थनापर्यंत गेली. १९८२ मध्ये जागतिक रिफॉर्म्ड संघटनेने ते समर्थन पाखंड ठरवले. तेथे सत्याची मागणी ऐक्य हीच होती आणि वेगळेपणा हेच असत्य. जातीनुसार बसणाऱ्या मंडळ्या पाहिलेल्या आपल्या देशाला हे अधिक फोडून सांगायला नको.

१८/ दुसरा आक्षेप: ‘ऐक्याने काय मिळाले? खटलेच ना?’ खटले झाले, हे खरे. गुजरातच्या ब्रेदरन मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितले की नोंदणीकृत न्यास केवळ चर्चच्या ठरावाने विलीन होत नाही, त्याला कायद्याची रीत पाळावी लागते. धडा स्पष्ट आहे: ऐक्य करताना कागदही नीट करा. विवाहाची नोंदणी राहून गेली म्हणून घटस्फोट घ्यावा, असा सल्ला कोणी शहाणा देत नाही. पदाधिकाऱ्यांनी भ्रष्टाचार केला असेल तर त्याची चौकशी व्हावी आणि शिक्षाही व्हावी. पण भ्रष्ट खजिनदाराला उत्तर म्हणून नवे चर्च काढले, तर तेथेही खजिनदार लागणारच.

१९/ तिसरा आक्षेप: ‘चर्चे वाढली तर कार्यही वाढते.’ कोलकात्यात दोन शाळा झाल्या तेव्हा खर्च दुप्पट झाला, शिक्षक विभागले गेले आणि पासष्ट वर्षांनी एकत्रच यावे लागले. एका गल्लीत तीन पाट्या लागल्याने विश्वासणारे तिप्पट होत नाहीत. बहुधा तीच कुटुंबे एका पाटीखालून दुसरीखाली जातात आणि शेजाऱ्यांना दिसते ते एवढेच, की या लोकांचे आपसांत पटत नाही.

२०/ म्हणून वेगळे होण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. हे कारण आपल्या नातवंडांना समजावून सांगता येईल काय? आत राहून लढण्याचा प्रत्येक मार्ग खरोखर संपला आहे काय? आणि इमारत, पद, निधी यांतले काहीही मिळणार नसेल, तरीही आपण जाऊ काय? १८४३ च्या पाळकांनी तिसऱ्या प्रश्नाला कृतीने उत्तर दिले होते. आजच्या बहुतेक फुटी त्याच प्रश्नापाशी अडखळतील.

२१/ पौलाने करिंथकरांना लिहिले तेव्हा मंडळी पुरती तीस वर्षांचीही नव्हती, आणि तरीही तेथे पौलाचे, अपुल्लोसाचे, केफाचे असे तट पडले होते. रोग जुना आहे आणि औषधही जुनेच: ख्रिस्ताचे विभाग होतात काय, हा त्याचा प्रश्न. अझरिया आणि त्यांचे सोबती त्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी अठ्ठावीस वर्षे बैठका घेत राहिले. आपल्या मंडळीत पुढच्या रविवारी कोणी वेगळे होण्याचा ठराव मांडला, तर निदान अठ्ठावीस आठवडे थांबण्याची दुरुस्ती सुचवा.

(धागा समाप्त)